संगणकातील दप्तर : राखीव प्रत आणि पुनःस्थापना

धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना १९२७ साली झाली. राजवाडे यांनी उभे आयुष्य वेचून गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून व जुन्या पेट्यांतून मराठेशाहीचे कागद गोळा केले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतून ते खंडशः प्रसिद्ध केले. या खटाटोपामागील निकड अगदी साधी होती. वाळवी, ओल, आग आणि रद्दीचा व्यापार यांच्या तावडीतून जे कागद सुटले होते, त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नव्हती. ती छापील खंडांच्या रूपाने प्रथम निर्माण झाली. त्याच शहरातील समर्थ वाग्देवता मंदिरात जी हस्तलिखिते जपलेली आहेत, त्यांतील ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले ते मठोमठी त्यांच्या नकला होत गेल्या म्हणून. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली, तीही घरच्या मंडळींनी वेळोवेळी टिपून ठेवली होती म्हणून. जी टिपली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

खानदेशातील कचेऱ्या, शाळा व ग्रामपंचायती यांचे दप्तर आता मोठ्या प्रमाणात संगणकात आहे. २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पाने ग्रामपंचायतींत संगणक नेला. पुढे 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. सातबारा, ग्रामपंचायतींचे लेखे आणि शाळांची सांख्यिकी हे सारे दूरच्या शासकीय केंद्रांवर साठविले जाऊ लागले. त्यामुळे पुष्कळ कार्यालयांत असा एक समज रूढ झाला आहे, की आपले सर्व काही 'वर' सुरक्षित आहे. हा समज अर्धाच खरा आहे. केंद्रीय प्रणालीत भरलेली नोंद तेथे सुरक्षित असते हे मान्य. परंतु ती नोंद ज्या कागदांवरून भरली ते कागद कोठे असतात? ग्रामसभेच्या इतिवृत्तांचे मसुदे, करवसुलीच्या तयार याद्या, विकासकामांची छायाचित्रे, अंदाजपत्रके, पत्रव्यवहार, शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरची प्रतिमांकित पाने, शिक्षकांच्या वेतनाचे तक्ते, निकालपत्रके ही सामग्री बहुतेक ठिकाणी एकाच टेबलावरील एकाच संगणकाच्या एकाच चकतीवर असते. ती चकती बंद पडली, की एखाद्या विधवेच्या अनुदानाचे प्रकरण किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या दाखल्याची नोंद पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते. मूळ रजिस्टर तोवर जीर्ण झालेले असेल, तर तो मार्गही बंद होतो.

अशा प्रसंगी जी व्यवस्था उपयोगी पडते तिला संगणकाच्या भाषेत बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, असे म्हणतात. आणि त्या प्रतीवरून संगणक पूर्ववत उभा करण्याच्या क्रियेस पुनःस्थापना म्हणतात. दुसऱ्या क्रियेचा विचार न करता केवळ पहिली पार पाडली जाते, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

दोन प्रसंग

२१ मार्च २०२१ च्या पहाटे अडीच वाजता महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेकडून प्रणाली बंद पडल्याच्या सूचना येऊ लागल्या. दिवसभराच्या तपासणीत असे दिसून आले, की खंडणीखोर विषाणूने, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद केली असून निरनिराळ्या कार्यालयांतील काही डेस्कटॉप संगणकांनाही त्याची बाधा झाली आहे. महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयांचे काम ठप्प झाले. जळगाव आणि धुळे येथील औद्योगिक वसाहतींतील भूखंडधारकांचा या महामंडळाशी नित्याचा संबंध असल्यामुळे हे संकट खानदेशापासून दूरचे नव्हते. महामंडळाने तत्परतेने बाधित यंत्रणा जाळ्यापासून तोडल्या. तथापि या प्रसंगात महत्त्वाची ठरली ती निराळीच बाब. राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या विभागात ठेवलेल्या होत्या आणि विषाणू तेथवर पोहोचला नाही. कुलूप लावणाऱ्यांकडे किल्ली मागण्याची गरज उरली नाही, ती या एका तरतुदीमुळे.

दुसरा प्रसंग २७ जून २०१७ चा. युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक एकाच दिवशी निकामी केले. त्या धक्क्याने रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदरावर या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचेही काम थांबले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितल्यानुसार सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० डेस्कटॉप व तत्सम संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. या पुनःस्थापनेत एक विलक्षण अडचण आली होती. कोणत्या कर्मचाऱ्यास कोणत्या संगणकावर प्रवेश द्यावा याची जगभरातील नोंदवही सांभाळणारे सुमारे दीडशे संगणक एकमेकांची प्रत ठेवीत असत आणि ते सर्व एकदमच नष्ट झाले. परस्परांची प्रत ठेवणे म्हणजे राखीव प्रत ठेवणे नव्हे, हे त्या दिवशी महागात कळले. अखेरीस आफ्रिकेतील घाना देशातील एका कार्यालयात ती नोंदवही सुस्थितीत सापडली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. भारनियमनाचे एवढे उपकार खानदेशात आजवर कोणी मानले नसतील!

आगीचा धोका वेगळा सांगावयास नको. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत इमारतीचे वरचे मजले भस्मसात झाले, मनुष्यहानीही झाली, आणि कागदी संचिकांचे ढीग राखेत गेले. त्यानंतर शासनात संगणकीय संचिकांच्या कामास मोठी गती आली. परंतु संगणक आणि त्याची राखीव प्रत एकाच खोलीत असतील, तर आगीला दोन्ही सारखीच.

धारिका की संपूर्ण प्रतिमा ?

राखीव प्रत दोन प्रकारे घेता येते. पहिल्या प्रकारात केवळ कामाच्या फायली, म्हणजे धारिका, उतरवून घेतात. हे सोपे व स्वस्त आहे. दुसऱ्या प्रकारात संगणकाच्या चकतीवरील सर्व काही, म्हणजे संचालन प्रणाली, बसविलेले कार्यक्रम, मांडणी, टंक व धारिका, एका अखंड प्रतिमेच्या रूपाने घेतात. या प्रतिमेवरून कोऱ्या चकतीवर संपूर्ण संगणक जसाच्या तसा उभा राहतो.

मराठी कार्यालयांच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकाराचे एक विशेष महत्त्व आहे, आणि ते बाहेरच्या तंत्रज्ञाच्या सहसा ध्यानी येत नाही. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, डीव्ही-टीटी, शिवाजी अशा निरनिराळ्या टंकांत लिहिलेली पत्रे व याद्या अजूनही हजारोंच्या संख्येने जुन्या संगणकांत आहेत. त्या धारिकेत प्रत्यक्षात मराठी अक्षरे नसतात. रोमन अक्षरांच्या व खुणांच्या जागी टंक मराठी आकार दाखवितो इतकेच. अशी धारिका जपली आणि टंक गमावला, तर नव्या संगणकावर उघडल्यावर निरर्थक चिन्हांची माळ दिसते. धारिका शाबूत, मजकूर नाहीसा! काही टंकसंचांना तर संगणकाच्या मागे लावावयाचे कुलूप, ज्यास डाँगल म्हणतात, आवश्यक असते. असे जुने संगणक जेथे असतील तेथे त्यांची संपूर्ण प्रतिमा घ्यावी, टंकांच्या धारिका वेगळ्या काढून ठेवाव्यात, आणि सवडीने महत्त्वाचे दस्तऐवज युनिकोडमध्ये आणावेत. सरपंच वा अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मात्र कोणत्याही प्रतिमेत येत नाही, कारण त्यातील गुप्त किल्ली बाहेर काढताच येऊ नये अशीच त्याची रचना असते. टोकन हरवले, तर नवे प्रमाणपत्र घेणे हाच उपाय.

दररोज संपूर्ण प्रतिमा घेणे परवडणारे नसते. म्हणून एकदा पूर्ण प्रत घ्यावयाची आणि नंतर रोज केवळ बदललेला भाग टिपावयाचा, अशी रीत आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांस हे चटकन समजेल. पूर्ण प्रत म्हणजे आरंभीची शिल्लक आणि रोजची वाढीव प्रत म्हणजे रोजकीर्द. आजची शिल्लक काढावयाची तर आरंभीची शिल्लक आणि मधली सर्व पाने हवीत. एक पान फाटले की पुढचा हिशेब लागत नाही. याकरिता महिन्यातून एकदा नवी पूर्ण प्रत घेऊन साखळी नव्याने सुरू करणे श्रेयस्कर असते. मागील किमान दोन पूर्ण प्रती व त्यांच्या साखळ्या ठेवाव्यात, कारण विषाणू किंवा चूक लक्षात येईपर्यंत कधीकधी पंधरवडाही उलटून गेलेला असतो.

जाळ्यातून प्रत घेण्याची पाळी

कार्यालयात पाच-दहा संगणक असल्यास प्रत्येकास वेगळी चकती जोडण्यापेक्षा जाळ्यावर एक सामायिक साठवण ठेवणे सोयीचे पडते. येथे थोडे गणित आवश्यक आहे. समजा, दहा संगणक आहेत आणि प्रत्येकात ८० गिगाबाइट सामग्री आहे. जुन्या जाळ्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असतो, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ ते १२ मेगाबाइट. या वेगाने एका संगणकास जवळजवळ दोन तास आणि दहा संगणकांस सुमारे वीस तास लागतील. कार्यालय सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत एवढा वेळ मिळत नाही. सर्वांनी एकदमच प्रत पाठविण्यास आरंभ केला, तर कोणाचीच पुरी होणार नाही.

पांझरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न काही शतकांपूर्वीच सोडविलेला आहे. फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, पाटकरी ठरल्या पाळीने ते एकेका शेतास देतो, आणि पाळी सोडून कोणी दार उघडीत नाही. जाळ्याचा वेग हे असेच मर्यादित पाणी होय. रोज रात्री दोन संगणकांची पूर्ण प्रत घ्यावी, म्हणजे पाच रात्रींत सर्वांची पाळी होते. त्यानंतर प्रत्येकाची रोजची वाढीव प्रत पाचशे मेगाबाइटपर्यंत असली, तर ती मिनिटभरात उरकते. सेकंदाला एक गिगाबिट वेगाचा स्विच व तशाच तारा बसविल्यास पूर्ण प्रतींचा वेळही काही तासांवर येतो. हा खर्च मोठा नाही. उलट, हीच ८०० गिगाबाइट सामग्री दूरच्या केंद्रावर इंटरनेटद्वारे, सेकंदाला १० मेगाबिट वेगाने चढवावयाची म्हटल्यास आठवडाभराहून अधिक काळ लागेल. म्हणून दूर पाठवावयाच्या सामग्रीत केवळ महत्त्वाच्या धारिका असाव्यात. अशा दहा संगणकांसाठी, दोन पूर्ण प्रती आणि रोजचे बदल धरून, चार टेराबाइटची साठवण पुरेशी होईल.

रात्री संगणक बंद करून जाण्याची आपल्याकडील सवय चांगलीच आहे, परंतु बंद संगणकाची प्रत घेता येत नाही. काही संगणक जाळ्यावरून संदेश देऊन जागे करता येतात. जेथे ती सोय नाही किंवा रात्रीच्या विजेचा भरवसा नाही, अशा गावांत दुपारच्या सुट्टीची वेळ ठरवावी. साठवणीच्या यंत्रास यूपीएस अवश्य असावा, कारण प्रत लिहिली जात असता वीज गेल्यास ती प्रत अर्धवट राहते. शिवाय वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बंद खोलीत, पत्र्याखाली, धुळीने भरलेल्या कोनाड्यात ठेवलेली चकती फार काळ टिकेल ही अपेक्षाच धरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. कित्येक ठिकाणी साठवणीवरील सामायिक फोल्डर प्रत्येक संगणकास कायमचे जोडून ठेवलेले असते आणि तेथेच प्रत लिहिली जाते. जेथे कर्मचाऱ्यास लिहिता येते, तेथे त्याच्या नावाने शिरलेल्या विषाणूलाही लिहिता येते. तो आधी धारिका बंद करतो आणि मग राखीव प्रतीही. यास्तव साठवणीवर लिहिण्याचा अधिकार एका स्वतंत्र खात्यास द्यावा, जे खाते अन्य कोणत्याही कामास वापरले जात नाही. त्याहून उत्तम व्यवस्था म्हणजे संगणकांनी प्रत पाठविण्याऐवजी साठवणीच्या यंत्रानेच ठरल्या वेळी प्रत्येक संगणकाकडून ती मागून घ्यावी, आणि संगणकांना त्या यंत्रात शिरकावच नसावा. बॅकअपपीसी हा विनामूल्य कार्यक्रम याच तत्त्वावर चालतो, आणि समान धारिका एकदाच साठवून जागाही वाचवितो. मात्र तो धारिका जपतो, संपूर्ण प्रतिमा नव्हे. प्रतिमेसाठी तैवानमध्ये विकसित झालेला क्लोनझिला हाही विनामूल्य आहे.

जगभर एक साधा दंडक मानला जातो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक अन्यत्र. ग्रामपंचायतीसाठी याचा अर्थ इतकाच, की आठवड्यातून एकदा बाह्य चकती जोडावी, प्रत घ्यावी, चकती काढावी आणि ती पंचायत समितीत किंवा अन्य शासकीय इमारतीतील कुलूपबंद कपाटात ठेवावी. अशी चकती सांकेतिक भाषेत कुलूपबंद केलेली असावी, कारण तीत नागरिकांची खाजगी माहिती असते. काढून ठेवलेल्या चकतीस विषाणू गाठू शकत नाही. घानाच्या कार्यालयाला जे योगायोगाने लाभले, ते येथे हेतुपुरस्सर करावयाचे आहे.

साठवणीत दोन चकत्या एकमेकींचे प्रतिबिंब ठेवीत असल्या, तरी तिला राखीव प्रत समजू नये. एक चकती बिघडली तर दुसरी चालते, हा तिचा लाभ. पण चुकून पुसलेली धारिका दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. हीच गोष्ट कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावर इंटरनेटवर आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरची. त्यात आणखी एक अडचण अशी, की त्याची बदली झाली की परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर नव्या ठिकाणी रुजू होतो.

पुनःस्थापना

चकती निकामी झाल्यावर नवी चकती बसवून संगणक सुरू केला, तर त्यात काहीच नसते. मग जाळ्यावरील प्रतिमा वाचणार कोण? त्यासाठी आरंभक पेनड्राइव्ह आधीच तयार करून ठेवावा लागतो. त्यावरून संगणक सुरू होतो, जाळ्याशी जोडला जातो, साठवणीवरील प्रतिमा शोधतो आणि ती कोऱ्या चकतीवर उतरवितो. हे वर्णन सरळ वाटते. प्रत्यक्षात खोळंबा होतो तो तीन-चार ठरावीक जागी. पेनड्राइव्हवरील प्रणालीस त्या संगणकाचे नेटवर्क कार्ड ओळखता येत नाही, म्हणून साठवण दिसतच नाही. अशा वेळी त्या कार्डाचा चालक कार्यक्रम पेनड्राइव्हवर हवा. नवी चकती जुनीपेक्षा लहान असेल, तर क्लोनझिलासारखा कार्यक्रम सहसा नकार देतो. जुना संगणक ज्या पद्धतीने सुरू होत असे, ती पद्धत नव्या यंत्रात निवडलेली नसेल, तर प्रतिमा व्यवस्थित उतरूनही पडदा काळाच राहतो. आणि चकती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली छापून वेगळी ठेवलेली असली पाहिजे.

विषाणूमुळे पुनःस्थापना करावी लागली असेल, तर क्रम बदलतो. प्रथम जाळे तोडावे. घटनेची माहिती कळल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेस कळविण्याचे बंधन २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी शासकीय संस्थांसह सर्वांवर घातलेले आहे. त्यानंतर बाधा होण्यापूर्वीची प्रतिमा निवडावी. जुनी प्रतिमा उतरविली म्हणजे ज्या फटीतून विषाणू आला ती फटही परत येते. म्हणून सुरक्षा सुधारणा बसविल्याखेरीज तो संगणक पुन्हा जाळ्यास जोडू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय विषाणूने दीडशे देशांत उत्पात केला, त्याच्या दोन महिने आधीच त्यावरील सुधारणा उपलब्ध झालेली होती. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, ही गोष्टही जुन्या प्रतिमा बाळगणाऱ्यांनी ध्यानी ठेवावी.

शाळांच्या संगणक कक्षांत हीच रीत अधिक सुलभ होते. वीस संगणक एकाच जातीचे असतील, तर एक संगणक नीट मांडून त्याची प्रतिमा घ्यावी आणि ती जाळ्यातून सर्वांवर एकाच वेळी उतरवावी. नंतर प्रत्येकास निराळे नाव देण्यास मात्र विसरू नये, अन्यथा एकाच नावाची वीस मुले हजेरीपटावर असावीत तसा गोंधळ होतो.

प्रत घेतली जाते असे मानणे आणि ती उतरते हे पाहणे यांत अंतर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित संगणक कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. तेव्हा असे आढळले, की राखीव प्रतीच्या पाचही योजनांपैकी एकही भरवशाने काम करीत नव्हती. शेवटी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवर काम भागवावे लागले. जेथे निष्णात अभियंते असतात तेथे असे घडले. म्हणून तिमाहीतून एकदा, मूळ चकतीस हात न लावता, एखाद्या जादा चकतीवर प्रतिमा उतरवून पाहावी. संगणक सुरू होतो का, जुन्या टंकातील एखादे पत्र वाचता येते का, मागील महिन्याची करवसुलीची यादी उघडते का, आणि या सर्वांस किती वेळ लागला, हे पाहून ते दिनांकासह नोंदवहीत लिहावे व त्यावर जबाबदार कर्मचाऱ्याने स्वाक्षरी करावी. आरंभक पेनड्राइव्ह कोणत्या कपाटात आहे, बाह्य चकती कोणाच्या ताब्यात आहे, परवलीच्या शब्दांचा सीलबंद लिफाफा कोठे ठेवला आहे, हा तपशीलही त्याच नोंदवहीच्या पहिल्या पानावर असावा. ही नोंदवही कागदाची असावी. आणि बदलीच्या वेळी जडवस्तू संग्रहाबरोबर तिचाही कार्यभार नव्या कर्मचाऱ्याकडे सोपविला जावा.